आधी ठोकून पाहा, मग रंगवा

गंज आणि गृहिणी यांचे वैर जुने. पावसाळ्यात बिडाचा तवा नीट कोरडा न करता ठेवला की दोन दिवसांत त्यावर तांबूस थर चढतो. विळीच्या पात्यावर ठिपके पडतात. बाल्कनीच्या ग्रिलचा रंग फुगतो आणि त्याचे पापुद्रे निघतात. हे सारे आपल्या डोळ्यांसमोर असते, म्हणून आपण वेळीच निस्तरतो. पण घरातली एक लोखंडी वस्तू अशी आहे की तिच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही, कारण ती असते गाडीच्या पोटाखाली. ती म्हणजे सायलेन्सर, आणि इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत धूर आणून सोडणारी नळी. इंग्रजी पुस्तकांतून सायलेन्सरला मफलर असेही म्हणतात. पण आपल्याकडे मफलर थंडीत गळ्याभोवती असतो, तेव्हा आपण सायलेन्सरच म्हणू या.

या खेपेस हा विषय घ्यायला कारण झाले आमच्या चेंबूरच्याच एका वाचक भगिनीचे पत्र. त्या लिहितात: "आमची गाडी दहा वर्षांची आहे. मुलांची शाळा, स्टेशन, बाजार आणि क्वचित ठाण्याला माहेरी, एवढेच तिचे फिरणे. सायलेन्सर पार तांबडा झाला आहे. मेकॅनिक म्हणतो, बदला. हे म्हणतात, रंग मारला की झाले. ग्रिल रंगवून उरलेला काळा रंग घरात आहे, तो चालेल का? आणि हे काम घरच्या घरी जमण्यासारखे आहे का?"

पत्र इथे संपते. पण सहीखाली त्यांनी बारीक अक्षरात आणखी दोन ओळी लिहिल्या आहेत: "ता. क. धाकट्याला हल्ली मागच्या सीटवर बसले की डोके दुखते आणि मळमळते. गाडी लागण्यावर काही घरगुती उपाय असल्यास तोही कळवावा."

भगिनी, तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताजा कलमात घातलीत! म्हणून मी उत्तर तिथूनच सुरू करते. रंगाचे पुढे सविस्तर पाहू.

मळमळ नेहमी गाडी लागल्याचीच असते असे नाही

मुलांना गाडी लागते हे खरे. घाटात लागते, गाडीत पुस्तक वाचल्याने लागते, भरल्या पोटी लागते. आलेपाकाची वडी आणि उघडी खिडकी एवढ्यावर बहुतेकांचे भागते. पण पूर्वी कधी न लागणारी गाडी अचानक लागू लागली, तीही मागच्याच सीटवर बसणाऱ्याला, आणि त्याच गाडीचा सायलेन्सर गंजलेला असेल, तर या दोन गोष्टी एकत्र ठेवून विचार केला पाहिजे.

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. गॅसच्या सिलिंडरला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून गळती आपल्याला नाकाने कळते. इथे तशी सोय नाही. हा वायू श्वासातून आत गेला की रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरून बसतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट असते. म्हणजे छाती नेहमीसारखी वरखाली होते, श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोहोचत नाही. सुरुवातीची लक्षणे अगदी साधी: डोके दुखणे, मळमळणे, चक्कर, अशक्तपणा, पेंग. आई म्हणते, "पोर दमलंय, झोपू दे." धोका आहे तो इथेच.

धड सायलेन्सर आणि धड नळी असली की हा वायू गाडीच्या मागून बाहेर निघून जातो. नळीला मध्येच भोक पडले की तो गाडीच्या पोटाखाली सुटतो. गाडी वेगात असताना वाऱ्याने बराचसा उडून जातो. पण अमर महालच्या चौकात संध्याकाळी वीस मिनिटे गाडी उभी असली की तो तिथेच साचतो आणि डिकीच्या झिजलेल्या रबरातून किंवा तळाच्या पत्र्याला पडलेल्या एखाद्या भोकातून आत शिरतो. काचा बंद, एसी चालू, मागे पोरे. गोण किंवा सायकल मावत नाही म्हणून डिकी अर्धवट उघडी बांधून गाडी चालवली, तरी मागचा धूर आत ओढला जातो.

तेव्हा ही खूण ध्यानात ठेवा. त्रास त्याच गाडीत होत असेल, खाली उतरून मोकळ्या हवेत गेले की उतरत असेल, आणि एकाहून अधिक जणांना होत असेल, तर आलेपाक शोधू नका. गाडी बंद ठेवा आणि आधी सायलेन्सर दाखवा. मुलाला डॉक्टरांकडे न्याल तेव्हा, "गाडीत बसल्यावर होते, सायलेन्सर गंजलेला आहे," हे आठवणीने सांगा. सांगितल्यावाचून ते डॉक्टरांच्या लक्षात येणे कठीण. कुणी गुंगले किंवा बेशुद्ध झाले तर इंजिन बंद करून त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

हा गंज येतो कुठून?

पावसातून आणि चिखलातून, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. उरलेला गंज आतून येतो, आणि त्याचे पाणी गाडी स्वतःच तयार करते.

गंमत वाटेल, पण एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटरभर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपात धुराबरोबर जाते. हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की मागच्या नळीतून थेंब टपकतात, ते हेच पाणी. सीएनजीच्या गाडीत तर पाणी आणखी जास्त. एक किलो गॅस जळला की सव्वादोन किलोच्या आसपास पाणी निघते.

आता गाडी लांब गेली, अर्धापाऊण तास धावली, तर सायलेन्सर चांगला तापतो आणि आतले पाणी वाफ होऊन निघून जाते. पण चेंबूर कॉलनीतून शाळेपर्यंत, शाळेतून स्टेशनपर्यंत, अशी दहा-दहा मिनिटांची फेरी असली की सायलेन्सर तापण्याआधीच गाडी थांबते. वाफेचे पाणी होते, धुरातली आम्ले त्यात मिसळतात आणि ते आंबट पाणी डब्याच्या तळाशी बसून राहते. ताक लोखंडी पातेल्यात रात्रभर ठेवावे तसे! म्हणूनच रोज पुण्याला जाणाऱ्या गाडीपेक्षा रोज शाळेला जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लवकर सडतो. तुमच्या भगिनीमंडळात "आमची गाडी फार कमी वापरलेली," असे कुणी अभिमानाने सांगत असेल तर तिला हे जरूर सांगा.

बाहेरच्या गंजाला आपल्या भागात कारणे भरपूर. माहुलच्या बाजूला खाडी, त्यामुळे हवेत खारेपणा. बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि खतांचा कारखाना. चार महिने पाऊस, आणि सखल रस्त्यांवर साचलेल्या पाण्यातून गाडी घालावी लागते ते वेगळेच. मीठ असले की लोखंडाला गंज झपाट्याने चढतो, हे लोणच्याच्या बरणीवर लोखंडी झाकण ठेवून पाहिलेल्या बाईला वेगळे सांगायला नको.

जुन्या गाड्यांचे सायलेन्सर साध्या पोलादी पत्र्याचे असत. शेजारच्या कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता, तिथली पद्मिनी आठवते ना? मुंबईची काळीपिवळी म्हणजे तीच. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर टॅक्सी म्हणून दिसेनाशी झाली. आजच्या पुष्कळ गाड्यांचे सायलेन्सर ॲल्युमिनियमचा लेप दिलेल्या पत्र्याचे किंवा एका जातीच्या स्टेनलेस स्टीलचे असतात. तेही वरून तांबूस दिसतात, पण ती तांबूस छटा बहुधा वरवरची असते. चुंबक लावून पाहू नका, फसाल. आपले स्वयंपाकघरातले स्टील सहसा चुंबकाला चिकटत नाही, पण सायलेन्सरचे स्टेनलेस स्टील चिकटते.

ठोकून पाहा

नारळ घेताना आपण काय करतो? कानाशी हलवतो. मडके घेताना? बोटाने वाजवतो. सायलेन्सरही तसाच पारखायचा. बाहेरचा गंज डोळ्याला दिसतो, आतला कानाला कळतो.

गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळी हे करा. मागे वाकून लाटण्याएवढ्या लाकडी दांड्याने सायलेन्सरच्या डब्यावर हलकेच ठोका, विशेषतः खालच्या बाजूला आणि जिथे नळी डब्याला जोडली आहे तिथे.

टणक, खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. गंज वरवरचा, तो घासून रंगवता येईल.

थपथप, मऊ आवाज आला, किंवा आत काही खुळखुळले, तर आतला पत्रा सडून सुटला आहे. असा सायलेन्सर रंगवणे म्हणजे किडक्या दाढेला पावडर लावणे.

ठोकताना पापुद्रे गळून पडले, दांडा आत दबला, किंवा जोडापाशी काळी काजळी ओघळलेली दिसली, तर तिथे भोक आहे असे समजा. गाडी सुरू करताना नेहमीपेक्षा मोठा, फटफट आवाज येणे हीसुद्धा त्याचीच खूण.

एक मात्र पाहून ठेवा. पुष्कळ सायलेन्सरच्या तळाला कारखान्यातच एक बारीक, नेटके गोल छिद्र पाडलेले असते. ते आतले पाणी निथळून जाण्यासाठी. त्याला भोक समजून बुजवू नका आणि रंगानेही बंद होऊ देऊ नका.

एवढे करून शंका राहिली तर गाडी गॅरेजच्या रॅम्पवर चढवून घ्या आणि खालची सगळी नळी दाखवायला सांगा. आपण जवळ उभे राहून पाहावे. "मॅडम, तुम्हाला काय कळणार?" असे कुणी म्हणाले तर म्हणावे, "भोक असलं तर दिसेलच ना मला!" आणि पीयूसीचे प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती तपासणी मागच्या नळीच्या तोंडाशी होते. मधल्या भोकाची हमी ती देत नाही.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे यजमान आणि मेकॅनिक, दोघेही अर्धे अर्धे बरोबर. आवाज खणखणीत असेल तर यजमान जिंकले, थपथप असेल तर मेकॅनिक. मात्र मुलाला त्रास होत असताना घरच्या ठोकण्यावर भागवू नका; रॅम्पवर दाखवल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही.

ग्रिलचा रंग का चालत नाही?

पुऱ्या तळताना कढईतले तेल १८० अंशांच्या आसपास असते. सायलेन्सरचा मागचा डबा साधारण १०० ते ३०० अंशांच्या घरात तापतो, आणि इंजिनाला लागून असलेली नळी जोरात चालवल्यावर ६०० अंशांच्याही वर जाऊ शकते. ग्रिलला लावतो तो तेलरंग शंभर-सव्वाशेच्या पुढे करपायला लागतो. म्हणजे उकळत्या तेलाहून तापणाऱ्या वस्तूला आपण ग्रिलचा रंग देणार! पहिल्या लांब फेरीतच घाण धूर येईल, रंगाचे फोड येतील आणि फुटलेल्या फोडांखाली पाणी साचून गंज दुप्पट वाढेल. ग्रिलखाली देतो तो तांबडा रेड ऑक्साइडही इथे नको. तो सुटला की वरचा रंग घेऊन पडतो.

यासाठी वेगळा, उष्णता सोसणारा रंग मिळतो. रंगाच्या किंवा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात 'हीट रेझिस्टंट' म्हणून मागा. तो बहुधा चंदेरी किंवा मंद काळा असतो. डब्यावर ६०० अंश सेल्सिअस असा आकडा लिहिलेला आहे ना, ते वाचून घ्या. नुसते 'इंजिनचा रंग' म्हणून देतील तो घेऊ नका. त्यातले पुष्कळ इतकी उष्णता सोसत नाहीत.

साहित्य

उष्णता सोसणाऱ्या रंगाचा ४०० मिलिलिटरचा एक फवारा-डबा (एका गाडीचा मागचा सायलेन्सर आणि टोकाची नळी यांना पुरतो), तारेचा ब्रश, ८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, थोडा थिनर, जुने सुती कापड, रद्दी, चिकटपट्टी, रबरी हातमोजे, नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांना चष्मा. नुसता रुमाल बांधून भागत नाही; गंजाची पूड डोळ्यांत आणि छातीत जाते.

कृती

१. दिवस निवडा. एप्रिल-मेमधला कोरडा दिवस किंवा दिवाळीनंतरचा. जूनचे ढग आले की हे काम हाती घेऊ नका. हवेतल्या ओलीने घासलेल्या लोखंडावर संध्याकाळपर्यंत पुन्हा गंज बसतो.

२. सर्वांत सोपे म्हणजे सर्व्हिसिंगच्या दिवशी मागचा सायलेन्सर गॅरेजमध्येच काढून घेणे. पुष्कळ गाड्यांत तो दोन-चार बोल्ट आणि रबरी कड्यांवर टांगलेला असतो. तो जमिनीवर ठेवून आपल्याला बसल्या बसल्या रंगवता येतो. काढायचा नसेल तर मागून हात पोहोचेल तेवढाच भाग रंगवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके किंवा हात घालू नका. जॅक सरकला तर सावरायला वेळ मिळत नाही.

३. सायलेन्सर पूर्ण गार असावा. आदल्या रात्रीपासून उभ्या गाडीवर सकाळी काम करावे.

४. साबणाच्या पाण्याने चिखल आणि तेलकटपणा धुऊन पूर्ण वाळू द्या. मग तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, नंतर ८० नंबरच्या कागदाने आणि शेवटी २२० ने घासा. अर्धी मेहनत इथेच आहे. गंजावर मारलेला रंग गंजाबरोबरच पडतो. कपबशीवरच्या चहाच्या डागासारखा तांबूसपणा खाचेत राहिला तर चालेल, पण बोटाला पूड लागता कामा नये.

५. थिनरच्या फडक्याने पुसा आणि उडून जाऊ द्या. यानंतर उघड्या हाताने शिवू नका. बोटाचे तेल लागलेली जागा रंग धरत नाही.

६. बंपर, टायर, रबरी कडी रद्दीने आणि चिकटपट्टीने झाका. नळीत कुठे वायर लागलेली नळकांडी दिसली तर तो सेन्सर असतो; त्यावर आणि त्याच्या वायरवर रंग उडवायचा नाही. इंजिनाजवळचा तापणारा भाग, त्यावरची पत्र्याची ढाल आणि धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर यांना आपण हात लावू नये.

७. डबा दोन मिनिटे चांगला हलवा. एक वीत अंतर ठेवून, हात सतत फिरता ठेवून पातळ फवारा द्या. पहिला हात इतका पातळ की लोखंड जरा दिसावे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एकदाच जाड थर दिला की तो ओघळतो आणि तापल्यावर फुगतो.

८. फवारा पेटणारा असतो. विडी, काडी, निरांजन, काही जवळ नको. सीएनजीच्या गाडीला तर सिलिंडर मागेच असतो, तेव्हा तिचा सायलेन्सर काढूनच, गाडीपासून लांब, मोकळ्यावर रंगवावा.

९. आता शेवटची आणि पुष्कळदा विसरली जाणारी पायरी: रंग तापवून मुरवणे. बिडाचा नवा तवा तेल लावून मंद आचेवर मुरवतो, तसेच हे. रंग डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्या. नळीच्या तोंडात बोळा घातला असेल तर तो आठवणीने काढा. मग गाडी उघड्यावर आणून इंजिन दहा मिनिटे चालू ठेवा, पूर्ण गार होऊ द्या. पुन्हा वीस मिनिटे, पुन्हा गार. नंतर एक अर्ध्या तासाची फेरी मारा. थोडा धूर आणि वास येईल; तो मुरण्याचाच आहे. डब्यावर वेगळी सूचना असेल तर ती पाळा. पण हे बंद गॅरेजात किंवा इमारतीखालच्या कोंदट पार्किंगमध्ये कधीही करू नये. सुरुवातीला सांगितलेला वायू तिथे काही मिनिटांत साचतो. मुलांना तेवढा वेळ घरात ठेवा.

हे करू नका

नळाच्या गळतीला लावतो ती लांबी सायलेन्सरच्या भोकाला लावू नका. ती उष्णतेने सुटते. सायलेन्सरसाठी वेगळी लांबी आणि पट्ट्या मिळतात, पण त्याही गॅरेजपर्यंत गाडी नेण्यापुरत्याच. भोकाला उपाय दोनच: पत्रा जाड असेल तर वेल्डिंग, नाहीतर नवा सायलेन्सर.

पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळके ऑइल मारून देणारे असतात. ते सायलेन्सरवर आणि नळीवर उडू देऊ नका. तापल्यावर धूर होतो, पेटही घेऊ शकते.

गंज काळा करणारी औषधे ग्रिलला चांगली. तापणाऱ्या नळीवर ती टिकतीलच असे नाही.

दुचाकीवाल्या मैत्रिणींसाठी

मोटारसायकलच्या उघड्या सायलेन्सरलाही हीच रीत. तिथे सडण्यापेक्षा भाजण्याची भीती जास्त. गाडी थांबल्यावरही सायलेन्सर बराच वेळ तापलेला असतो, आणि उतरताना पोटरी टेकते. भाजलेल्या जागी वीस मिनिटे नळाचे साधे गार पाणी सोडा. टूथपेस्ट, तूप, हळद, बर्फ यांपैकी काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरांना दाखवा. पदर आणि ओढणी सावरून बसावे, हे तर आपण जाणतोच.

बदलावाच लागला तर

मैत्रिणींनो, हा खर्च नको वाटतो हे मी समजते. पण इथे दोन गोष्टींची माहिती असू द्या. पहिली, १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. आता तो देशभर असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू अगदी अल्प प्रमाणात असतात. ईको गाडीचे सायलेन्सर याच धातूंच्या पुडीसाठी चोरणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत पकडल्या गेल्या आहेत. म्हणून गॅरेजवाल्याला आधी विचारा, "कन्व्हर्टर बदलताय की नुसता मागचा डबा?" मागचा डबा सडला असला तर पुष्कळदा तेवढाच बदलून भागते. काढलेला जुना भाग दाखवायला सांगा, आणि कन्व्हर्टर असेल तर त्याची किंमत बिलातून वळती करून घ्या किंवा तो घरी आणा.

दुसरी, कन्व्हर्टर काढून साधी नळी जोडून देतो, स्वस्तात होईल, असे कुणी सुचवले तर सरळ नाही म्हणा. सायलेन्सर नीट असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे बंधनकारक आहे, आणि आवाज व धूर यांची मर्यादा मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड बाजूला ठेवला तरी तो धूर आपल्याच सोसायटीतल्या पोरांच्या नाकात जाणार.

वर्षातून दोनदा

हे काम लक्षात राहावे म्हणून सणांशी बांधून टाका. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, पावसाळ्याआधी, एकदा ठोकून पाहावे आणि गरज असेल तर रंगवावे. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर दुसऱ्या दिवशी गार सायलेन्सरवर खालून साध्या पाण्याचा पाइप सोडावा, म्हणजे चिखल आणि खारेपणा धुऊन जातो. एरवी आठवड्यातून एकदा गाडी अर्धापाऊण तास सलग चालवावी. ईस्टर्न फ्रीवेने एकदा जाऊन आले तरी आतले पाणी वाळते.

आणि दसऱ्याला आपण गाडी धुतो, हळदकुंकू वाहतो, पुढे झेंडूचा हार घालतो. त्या दिवशी हार घालण्याआधी लाटण्याएवढा दांडा घेऊन जरा मागे वाका आणि दोन ठोके मारून आवाज ऐका. सारा पावसाळा सोसून आलेला सायलेन्सर खरे काय ते त्या दिवशी सांगतो.